साखर गेली कुठे? वापसीच्या केळीतून अल्कोहोल काढतानाचा जमाखर्च

जानेवारीतल्या एका संध्याकाळी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची माझी विद्यार्थिनी वही घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, साखर ९५ टक्के संपली, पण अल्कोहोल निम्म्याच्या आसपासच आलं. जंतू खराब निघाला वाटतं." मी वही न उघडताच मान डोलावली. "पुण्याहून नवीन कल्चर मागवू," असंही म्हणून बसले. हे प्रकरण लिहायला घेतलं त्याचं पहिलं कारण म्हणजे ती डोलावलेली मान.

मुलगी सावद्याकडची, घरची केळीची बाग. रावेर-यावल पट्ट्यात केळीचे भाव निघतात तेव्हा नवती, कांदेबाग, पिलबाग या लागवडीच्या प्रकारांच्या जोडीला एक वापसीचाही भाव असतो. फण्या लहान राहिल्या, सालीवर डाग आले, घड वाऱ्याने आदळला, की माल वापसीत जातो आणि भाव असा मिळतो की कापणीची मजुरी निघाली तरी पुष्कळ. तिच्या वडिलांचा तसाच काही माल पडून होता आणि तिला प्रोजेक्टला विषय हवा होता. केळीच्या गरातून अल्कोहोल काढणं काही नवं नाही. यीस्ट टाकून ते कुणीही करतं. तिला ते जीवाणूने करायचं होतं आणि तो जीवाणू म्हणजे झायमोमोनास मोबिलिस.

निवड चुकीची नव्हती. या जीवाणूचा इतिहासच मोठा मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये सफरचंदाची सायडर बिघडायची, गढूळ होऊन तिला विचित्र वास यायचा, तेव्हा १९११-१२ च्या सुमारास बार्कर आणि हिलियर यांनी त्या रोगाचं मूळ म्हणून असाच एक जीवाणू शोधला. पुढे १९२०च्या दशकात लिंडनर यांना तो मेक्सिकोतल्या पुल्के या घायपाताच्या जातीच्या झाडापासून होणाऱ्या मद्यात सापडला आणि तिथे तो रोग नव्हता, कारागीर होता. एकाच्या घरी चोर, दुसऱ्याच्या घरी सुतार.

कारागीर म्हणून त्याचं वैशिष्ट्य असं. यीस्ट एका ग्लुकोजच्या रेणूमागे दोन एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची दोन नाणी, कमावतं. झायमोमोनास साखर फोडतो ती एन्टनर-डाउडोरॉफ नावाच्या वेगळ्या वाटेने आणि त्यात त्याच्या हाती एकच एटीपी लागतो. निम्म्या मजुरीवर राबणाऱ्या माणसाला घर चालवायला दुप्पट काम करावं लागतं, तसं याला जगण्यापुरती ऊर्जा मिळवायला भराभर साखर फोडावी लागते. स्वतःचं शरीर वाढवायला त्यातून फार थोडं उरतं. म्हणून साखरेतला जवळजवळ सगळा कार्बन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडकडे जातो. शुद्ध ग्लुकोजवर, चांगल्या परिस्थितीत, हा जीवाणू सैद्धांतिक उताऱ्याच्या ९७-९८ टक्क्यांपर्यंत जातो. पुस्तकातला हा आकडा डोक्यात ठेवूनच आम्ही सुरुवात केली होती. म्हणूनच ५५ टक्के पाहून धक्का बसला.

उतारा म्हणजे नक्की काय

खान्देशात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कपाशीचा उतारा, उसाच्या साखरेचा उतारा घराघरात बोलला जातो. तरी प्रयोगशाळेत आम्ही तीन गोष्टींची सरमिसळ करतो आणि या प्रकरणातला निम्मा घोळ तिथूनच आला. किती साखरेतून किती अल्कोहोल निघालं, तो उतारा. एक लिटर रसात शेवटी किती अल्कोहोल जमलं, ती तीव्रता. ते किती तासांत जमलं, तो वेग. पाण्यासारख्या पातळ रसात उतारा उत्तम आणि तीव्रता नगण्य असू शकते. रस तापून आंबणं मध्येच थांबलं, तर तीव्रता कमी पडते, पण जेवढी साखर खाल्ली गेली तिचा उतारा चांगलाच असू शकतो. या तिन्ही आजारांची औषधं निरनिराळी आहेत.

सैद्धांतिक उताऱ्याचं गणित सोपं आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका ग्रॅमला ०.५११ ग्रॅम. याच्या वर कुणीही जाऊ शकत नाही. खाली यायला मात्र अनेक वाटा आहेत.

पहिला घाणा

तिने डिसेंबरअखेर केलेला पहिला प्रयोग असा होता. जी-नाईन जातीच्या केळीचा २ किलो गर, त्यात पाणी घालून ४ लिटर रस, ५ लिटरच्या काचेच्या बाटलीत. बाटली आमच्या इनक्युबेटरमध्ये मावेना, म्हणून टेबलावरच ठेवली. तोंडाला कापसाचा बोळा. सहा दिवसांनी बुडबुडे थांबले.

सुरुवातीची साखर अँथ्रोन पद्धतीने मोजली: लिटरला ११० ग्रॅम. शेवटची साखर डीएनएस पद्धतीने मोजली: लिटरला ६ ग्रॅम. म्हणजे १०४ ग्रॅम संपली. १०० मिलिलिटर रस ऊर्ध्वपातन करून, घनतेवरून अल्कोहोल काढलं: लिटरला ३१ ग्रॅम. ११० ग्रॅमवर सैद्धांतिक ५६.२ ग्रॅम निघायला हवं होतं. म्हणजे ५५ टक्के.

दोन दिवसांनी मी ती वही शांतपणे वाचली, तेव्हा 'सुरुवातीची साखर अँथ्रोन' आणि 'शेवटची साखर डीएनएस' या दोन ओळींवर बोट थांबलं. घेताना एक काटा आणि देताना दुसरा काटा. केळीच्या व्यापारात असं कुणी केलं तर शेतकरी काट्यावरच भांडण काढेल. आम्ही वहीत बिनदिक्कत केलं होतं.

हे दोन काटे वेगळं मोजतात. अँथ्रोनच्या पद्धतीत तीव्र गंधकाम्ल असतं. ते समोर येईल ते पिष्टमय पदार्थ फोडतं आणि सगळ्याचा रंग साखर म्हणून दाखवतं. सुक्रोज, स्टार्च, जे असेल ते. डीएनएसला फक्त क्षपणकारी साखर दिसते: ग्लुकोज, फ्रुक्टोज. स्टार्च त्याला जवळपास दिसत नाही. साखरेच्या लांब साखळ्याही दिसत नाहीत. म्हणजे सुरुवातीला जमेच्या बाजूला स्टार्च धरला गेला आणि शेवटी तो बाटलीच्या तळाशी तसाच बसलेला असताना 'संपला' म्हणून खर्ची पडला. झायमोमोनासकडे स्टार्च फोडणारं अमायलेज नाहीच. त्याला ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज एवढंच खाता येतं, या तिघांपलीकडे त्याची जीभ जात नाही.

मी तिला उरलेल्या रसात आयोडीनचे दोन थेंब टाकायला सांगितले. रस निळाकाळा झाला. ती म्हणाली, "पण मॅडम, केळी पिवळी होती." पिवळी होती, पण देठ हिरवे होते. साल पिवळी होणं आणि गरातला स्टार्च साखरेत उतरणं या दोन घटना एकाच दिवशी होत नाहीत. कच्च्या केळीच्या गरात सुमारे २० टक्के स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर तो टक्का-दोन टक्क्यांवर येतो. मधल्या अवस्थेत किती, ते मोजल्याशिवाय कळत नाही. जपून ठेवलेला सुरुवातीचा नमुना आम्ही नव्याने तपासला, तेव्हा लिटरला सुमारे २० ग्रॅम स्टार्च निघाला.

म्हणजे जीवाणूच्या पुढ्यात खरी साखर ९० ग्रॅम होती. त्यातली ६ शेवटी उरली. खाल्ली किंवा कुठेतरी गेली ती ८४. त्यावर सैद्धांतिक अल्कोहोल ४२.९ ग्रॅम. मिळालं ३१. उतारा ७२ टक्के. ५५ वरून ७२, तेही जंतूला हात न लावता. नुसता काटा बदलून.

उरलेली तूट

तरी १२ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे साधारण २३ ग्रॅम साखर, बेपत्ता होती. आता खरा शोध सुरू झाला आणि यात आम्हाला गंमत यायला लागली.

पहिला संशय सगळ्यांचा असतो तोच: अल्कोहोलनेच जीवाणूला मारलं. तो इथे टिकत नाही. झायमोमोनासच्या पेशीपटलात हॉपॅनॉइड नावाचे पदार्थ असतात, ते पटलाला अल्कोहोलपुढे टिकवून धरतात. बरेच वाण १२ टक्क्यांच्या आसपास घनफळी अल्कोहोल सोसतात. आमच्या बाटलीत ४ टक्केसुद्धा नव्हतं. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत 'उत्पादनाच्या अवरोधामुळे' हे वाक्य इतक्या वेळा येतं की ते वाचलं की मी आधी तीव्रतेचा आकडा शोधते.

दुसरा संशय: कापसाच्या बोळ्यातून अल्कोहोल उडून गेलं. हा मला स्वतःला पटला होता. कागदावर मांडून पाहिलं. ४ लिटर रसातून सुमारे १२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघाला असेल, म्हणजे ६०-६५ लिटर वायू. विशीतल्या तापमानाला ३ टक्क्यांच्या द्रावणावरून एवढा वायू जाताना सोबत नेऊन नेऊन किती अल्कोहोल नेणार? अख्ख्या बाटलीतून अर्धा ग्रॅमच्या आसपास. संशयित निर्दोष. उन्हाळ्यात हेच प्रमाण दुप्पट-तिप्पट होईल, तरी मुख्य आरोपी होणार नाही.

अल्कोहोल हरवत होतं, पण बाटलीत नव्हे, आमच्या ऊर्ध्वपातनाच्या सरंजामात. माहितीतलं, लिटरला बरोबर ३० ग्रॅम अल्कोहोल असलेलं द्रावण त्याच यंत्रातून काढलं, तर साडेअठ्ठावीस मिळालं. पाच टक्के गळती. संघनकातलं पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं आणि खालचं भांडं उघड्यावर असायचं. भांडं बर्फात ठेवल्यावर आणि नळीचं टोक पाण्यात बुडवल्यावर गळती थांबली. या एका दुरुस्तीने ३ ग्रॅम साखरेचा हिशेब लागला. वर्षानुवर्षं आमच्या विभागातले अल्कोहोलचे सगळे आकडे पाच टक्क्यांनी कमी लागत असणार, हा विचार मी तेव्हा मुलांसमोर बोलून दाखवला नाही.

तिसरा धागा तिनेच पकडला. रस ओतताना तो एरंडेलासारखा तार धरत होता. तिला वाटलं होतं केळीचं पेक्टिन असेल. गाळलेल्या रसात तिप्पट थंड अल्कोहोल घातलं तर पांढरे, लोंबते धागे खाली बसले. त्यात थोडं पेक्टिन असेलही, पण सुरुवातीच्या रसात असे धागे जवळजवळ नव्हते. म्हणजे हे आंबताना तयार झालं होतं. हा लेव्हान. झायमोमोनास पेशीबाहेर लेव्हानसुक्रेज नावाचं एंझाइम सोडतो. ते सुक्रोज फोडतं, त्यातला ग्लुकोज जीवाणू खातो आणि फ्रुक्टोज मात्र खायच्या ऐवजी एकापुढे एक गुंफून साखळ्या करत बसतो. हे गुंफणं थंडीत जास्त चालतं. ऊब वाढली की तेच एंझाइम गुंफायचं सोडून नुसतं फोडायला लागतं. डिसेंबरअखेरचे ते दिवस, रात्री खोलीत स्वेटर घालून बसावं लागायचं. जळगावची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, पण ती असते. आणि डीएनएसला लेव्हान दिसत नाही, त्यामुळे इथेही साखर 'संपली'. वाळवून तोललं तर लिटरला ७ ग्रॅम. गुंफताना पाणी सुटतं ते धरून साखर सुमारे ८ ग्रॅम.

चौथी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. ग्रॅम रंजनात आमचा जीवाणू गुलाबी, जाडसर काड्यांसारखा दिसतो. त्या काड्यांच्या मध्ये जांभळ्या गोळ्यांच्या साखळ्या होत्या. लॅक्टिक आम्लाचे जीवाणू. रसाला ताकासारखा वास होताच, आम्ही तो केळीचा म्हणून सोडून दिला होता. अनुमापनात वाढलेलं आम्ल लॅक्टिक धरून लिटरला ५ ग्रॅम निघालं. एका ग्लुकोजमधून दोन लॅक्टिक आम्लं झाली की अल्कोहोल शून्य. म्हणजे ५ ग्रॅम साखर तिकडे.

ते आत शिरले कसे, यावर मुलीने शपथेवर सांगितलं की रस ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, निर्जंतुक केला होता. केलाही होता, पंधरा मिनिटं. पण घट्ट गराने भरलेल्या ५ लिटरच्या बाटलीच्या पोटापर्यंत पंधरा मिनिटांत उष्णता पोचत नाही. पाण्यात प्रवाह फिरतात, लगद्यात फिरत नाहीत. खिचडीचं भांडं वरून वाफाळतं आणि मधला भात कच्चा राहतो, तसलाच प्रकार. त्यात थंडीमुळे आंबणं सहा दिवस रेंगाळलं. झायमोमोनास जोरात असता तर त्याने एक-दोन दिवसांत साखर उडवून या पाहुण्यांना संधीच दिली नसती. तो थंडीने आळसावला आणि पाहुण्यांनी पंगत मारली. म्हणजे वेग कमी पडल्याची शिक्षा उताऱ्याला झाली. उतारा, तीव्रता आणि वेग यांना वेगळं मानायचं असलं तरी ते एकमेकांच्या घरात जातात.

जीवाणूच्या स्वतःच्या शरीराला २ ग्रॅम साखर धरली. जमाखर्च असा आला: लेव्हान ८, आम्ल ५, पेशी २, ऊर्ध्वपातनातली गळती ३. एकूण १८. बाकी ५ ग्रॅम. रसातले घटक कागदावर वेगळे करून पाहिले (पेपर क्रोमॅटोग्राफी), त्यात सॉर्बिटॉल या साखरेपासून बनणाऱ्या पदार्थाच्या जागी ठिपका दिसला होता. झायमोमोनासकडे एक एंझाइम असं आहे की ते ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन घेऊन फ्रुक्टोजला देतं. ग्लुकोजचं ग्लुकोनिक आम्ल होतं, जे पुढे जीवाणू वापरू शकतो, पण फ्रुक्टोजचं सॉर्बिटॉल होतं आणि ते पडून राहतं. सुक्रोजवर वाढवताना अशी दहाव्या हिश्श्यापर्यंत साखर जाऊ शकते. उरलेले पाचही ग्रॅम सॉर्बिटॉलच्या नावावर टाकून हिशेब बंद करायचा मोह तिला झाला आणि खरं सांगायचं तर मलाही. पण ठिपका मोजलेला नव्हता. आम्ही वहीत लिहिलं: 'सॉर्बिटॉल व मोजमापातील चूक, ५.' किराणा दुकानदार 'किरकोळ' लिहितात तसं, पण निदान 'किरकोळ' म्हणून.

पुण्याहून नवीन कल्चर मागवलं नाही.

एप्रिल

दुसऱ्यांदा सगळं नीट करायचं ठरलं. केळी सालीवर काळे ठिपके येईपर्यंत ठेवली. आयोडीनने गर निळा होत नाही याची रोज खात्री केली. लेव्हान टाळायला रसात आधी इन्व्हर्टेज हे एंझाइम घालून सुक्रोज फोडून घेतलं. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट पूर्ण मात्रेत दिलं. पहिल्या वेळी पैसे वाचवायला ते निम्मं केलं होतं आणि या जीवाणूला पँटोथेनेट हे जीवनसत्त्व बाहेरूनच लागतं. तोंडाला बोळ्याऐवजी नळी लावून ती पाण्यात सोडली. ही नळी अल्कोहोल वाचवायला कमी आणि हवा आत येऊ नये म्हणून जास्त. हवा मिळाली की हा जीवाणू अल्कोहोल बनवायला लागणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन टाकतो, प्रक्रिया एका पायरीवर अडते आणि ॲसिटाल्डिहाइड साचतं. ते त्याला स्वतःलाच विषारी. शिवाय हवेत ॲसिटिक आम्लाचे जीवाणू तयार अल्कोहोलचं व्हिनेगर करायला टपलेलेच असतात.

लहान लहान भागांत नीट निर्जंतुक केलेला रस दोन लहान बाटल्यांत घालून त्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. ३० अंशावर. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी बुडबुडे मंदावले, ३८ तासांनी थांबले. लिटरला १०५ ग्रॅमपैकी ३० ग्रॅम साखर तशीच.

मी इनक्युबेटर उघडला, आतल्या थर्मामीटरवर ४० अंश. काटा ३० वर लावलेला. बिघडलंय म्हणून दुरुस्तीवाल्याला फोन करणार, इतक्यात लक्षात आलं की बिघडलेलं काहीच नाही. साधा इनक्युबेटर गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच तापलेली असेल तर तो बिचारा हीटर बंद करून बसतो. बीओडी इनक्युबेटरला थंड करता येतं, तो विभागात एकच आणि पाण्याच्या नमुन्यांनी भरलेला. भुसावळ-जळगावचा एप्रिल पुस्तक लिहिणाऱ्यांच्या हिशेबात नसतो. 'खोलीचे तापमान' म्हणजे २५ अंश, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. कुणाच्या खोलीचं?

आता इथे उतारा पाहा. ७५ ग्रॅम साखर खाल्ली गेली, तिचं सैद्धांतिक अल्कोहोल ३८.३ ग्रॅम, मिळालं ३४. म्हणजे ८९ टक्के. खाल्लेल्या साखरेचा उतारा उत्तम. पण बाटलीतल्या सगळ्या साखरेवर काढला तर जेमतेम ६३. पहिल्या प्रयोगात साखर संपली होती आणि अल्कोहोल झालं नव्हतं. इथे जेवढी संपली तिचं झालं होतं, पण ती संपलीच नव्हती. वरवर दोन्हीकडे 'अल्कोहोल कमी' एवढंच दिसतं.

आणि जो संशय जानेवारीत मी हसून बाजूला टाकला, तो इथे मागच्या दाराने परत आला. ३० अंशावर ४ टक्के अल्कोहोल या जीवाणूला काहीच नाही. ४० अंशावर तेच जड जातं. उष्णता आणि अल्कोहोल दोन्ही पेशीपटल सैल करतात, त्यातून आतली क्षारद्रव्यं आणि सहएंझाइमं झिरपतात. एकटं एक सोसवतं, दोन्ही मिळून नाही. त्यामुळे 'किती टक्के अल्कोहोल सोसतो' या प्रश्नाला तापमान सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

उपाय सुचवला तो प्रयोगशाळेतल्या मामांनी. दोन दिवस आमची धावपळ बघत होते. म्हणाले, "मॅडम, हाई बाटली तपी ऱ्हायनी. तिले रांजणमा ठेवा ना." त्यांच्या घरचा जुना रांजण आला. त्यात बाटली, भोवती ओली वाळू, वर भिजवलेलं गोणपाट, खिडकीच्या वाऱ्यात. एप्रिलची हवा इतकी कोरडी की पाणी सपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात हा उपाय चालणार नाही, पण पावसाळ्यात गरजही एवढी नसते. खोली ४१-४२ अंशावर असताना बाटलीतला रस ३१ ते ३३ मध्ये राहिला. मामा दर तीन तासांनी गोणपाटावर पाणी मारत, रात्रीचं मुलीच्या होस्टेलच्या मैत्रिणींनी वाटून घेतलं.

या वेळी ५ ग्रॅम साखर उरली. अल्कोहोल लिटरला ४६ ग्रॅम. एकूण साखरेवर ८६ टक्के, खाल्लेल्या साखरेवर ९०. उरलेली तूट बहुतेक सॉर्बिटॉलची असावी. इन्व्हर्टेजने लेव्हान थांबवला, पण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकदम समोर आल्यावर सॉर्बिटॉलची वाट उलट मोकळीच झाली. एक भोक बुजवताना शेजारचं थोडं मोठं झालं. ९७ टक्के शुद्ध ग्लुकोजवर मिळतात, केळीवर नाही.

साखर कारखान्यातल्या मळीचं काय, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येणार म्हणून आम्ही आधीच बोलून ठेवलं. आसवनींमध्ये हा जीवाणू का नाही, यीस्टच का? मळीत पोटॅशियमसारखे क्षार भरपूर असतात आणि झायमोमोनासला खारट सहन होत नाही. एक-दोन टक्के मिठातच त्याची वाढ खुंटते. शिवाय मळीतली बरीचशी साखर सुक्रोज, म्हणजे लेव्हान आणि सॉर्बिटॉल आलेच. माझं मत विचाराल तर मळीवर त्याला बसवणं म्हणजे चांगल्या गवयाला जात्यावर बसवणं. इतर जीवाणूंची अडचण आणखी निराळी. ल्युकोनोस्टॉकसारखे एका साखरेतून एक अल्कोहोल आणि एक लॅक्टिक आम्ल देतात, म्हणजे जन्मजातच उतारा निम्मा. ई. कोलाय नाना तऱ्हेच्या साखरा खातो, पण आम्लांची मिसळ करतो. म्हणून फ्लोरिडा विद्यापीठाच्या लॉनी इन्ग्रॅम यांनी झायमोमोनासची अल्कोहोल बनवणारी दोन जनुकं ई. कोलायमध्ये घातली. त्या कामाला १९९१ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटचा क्रमांक बरोबर ५० लाख आहे. खाणाऱ्याचं तोंड एकाचं, स्वयंपाकाची कृती दुसऱ्याची.

मे महिन्यात तिचे वडील तिला न्यायला आले. वही बघितली, मग थेट विचारलं, "मॅडम, क्विंटलले किती निघते?" मी कागदावर मांडलं. १०० किलो वापसीच्या केळीत गर ६० किलो. त्यात साखर १२ किलो धरा. पूर्ण उताऱ्याने ६.१ किलो अल्कोहोल, आमच्या ८६ टक्क्यांनी सव्वापाच किलो, म्हणजे साडेसहा लिटरच्या वर. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग ६० या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "अन् हे चाळीस किलो?"

साल. चार महिने आम्ही दोघींनी ग्रॅम-ग्रॅमचा जमाखर्च लावला होता आणि सालीचा रकाना वहीत कुठेच नव्हता. झायमोमोनासला ती खाता येणार नाही, तिच्यातला बराच कार्बन सेल्युलोज, हेमिसेल्युलोजसारख्या तंतूंत बांधलेला, हे मी त्यांना सांगितलं. "खाऊ नका देऊ," ते म्हणाले, "पण वजन त करा." मुलगी तेव्हाच आत गेली आणि कचऱ्याच्या बादलीतून साली काढून काट्यावर ठेवायला लागली.